आईचं ‘म्हणतात’

सप्तपर्णी यंदा लवकर फुलली. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी तिची झाडं आहेत. दसऱ्याच्या आसपास संध्याकाळ झाली की तो दाट, कडवट-गोड वास जिन्यानं चढत घरात येतो. दिवसाचं ऊन मात्र मे महिन्याला लाजवणारं. पाऊस गेलेला, थंडीचा पत्ता नाही, पंख्याखाली बसूनही शर्ट पाठीला चिकटतो. रस्त्यांवर सीताफळांच्या हातगाड्या, उकडलेल्या शिंगाड्यांच्या टोपल्या, आपट्याच्या फांद्या. आणि या सगळ्यातून वाट काढत चाललेली पांढऱ्या कपड्यांतली माणसं. कुणी स्टेशनकडून, कुणी बसस्टँडकडून, कुणी ट्रकमध्ये उभं राहून आलेलं. डोक्यावर बोचकं, काखेत लेकरू. दरवर्षी या दिवसांत दीक्षेच्या मैदानाकडे जाणारे सगळे रस्ते पांढरे होतात.

मी त्याच लोकांतला. लहानपणी या दिवसांत आमच्या वस्तीतल्या बायका पहाटेपासून पोळ्या लाटायच्या. बाहेरगावचा माणूस आपल्या दारावरून उपाशी जाता कामा नये. आम्ही पोरं रांजणापाशी पेले घेऊन उभी राहायचो आणि कुणी पाणी प्यायलं की उगाचच मोठं झाल्यासारखं वाटायचं. वर्षातले सगळ्यात आनंदाचे दिवस होते ते. आता काही वर्षं झाली, हे दिवस जवळ आले की माझं जेवण तुटतं. बायकोला वाटतं, पित्त आहे. मी तिला तसंच वाटू दिलं आहे.

गेल्या आठवड्यात संग्रहालयातून केतकी मॅडमचा मेसेज आला. ‘काका, यंदाचा कुटुंब-दिवस ठरला. आजींची खूप आठवण येते. त्यांची गोष्ट या वेळी तुम्ही सांगाल का?’ खाली हात जोडल्याचं चित्र. मी तो मेसेज वाचला, फोन पालथा ठेवला आणि भाजी निवडत बसलो. सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, काड्या वेगळ्या, पानं वेगळी. पानं संपली तरी हात चालूच होते.

आमच्या शहरातलं हे संग्रहालय पूर्वी आम्हाला शाळेच्या सहलीपुरतं माहीत होतं. भुसा भरलेले प्राणी, काचेमागची नाणी, नाक तुटलेल्या मूर्ती, आणि ‘हात लावू नये’ अशी पाटी. रांगेत जायचं, रांगेत बाहेर यायचं. केतकी मॅडम नाशिककडून इथं नोकरीला आल्या आणि त्यांनी ती पाटीच जणू उलटी केली. सुट्टीच्या दिवशी व्हरांड्यात सतरंज्या पडू लागल्या. मुलांनी ओल्या मातीत ठसा दाबून नाणं पाडायचं. वाळूच्या खड्ड्यात ब्रश घेऊन खापरं हुडकायची. ब्राह्मी अक्षरांत आपलं नाव लिहायचं आणि ते बापाला वाचता येत नाही म्हणून टाळ्या पिटायच्या. एका कोपऱ्यात जातं असायचं. पोरांपेक्षा त्यांच्या आयाच तिथं जास्त रमायच्या. ‘सरक, तुले नाही येत, खुंटा असा धराव लागते,’ म्हणत सासू सुनेला बाजूला करायची, आणि दोन फेऱ्यांत स्वतःच धापा टाकायची.

मी श्रेयाला, माझ्या मुलीला, तिथं न्यायचो. ती तेव्हा प्राथमिक शाळेत होती. मी बँकेत, मनमोकळं बोलण्याची सवय नसलेला माणूस. पण त्या व्हरांड्यात मला बरं वाटायचं. माझ्या आजोबांना जिथं कुणी आत घेतलं नसतं अशा दगडी इमारतीत माझी पोर मांडी घालून चिखलात हात बरबटून बसली आहे, हे मी नुसतं पाहत बसायचो.

मग त्या वर्षी ‘घरचा इतिहास’ नावाचा कार्यक्रम निघाला. प्रत्येक कुटुंबानं आपल्या घरातली एक जुनी वस्तू आणायची आणि तिच्याबद्दल सांगायचं. महाल भागातल्या एका घरानं तलवार आणली. म्यान कुजलेलं, पण तलवार ती तलवारच. उमरेडकडच्या एका विणकर घरातल्या सुनेनं सासऱ्यांनी विणलेलं लुगडं उलगडलं, त्याचे काठ अजून झळकत होते. कुणी पानदान, कुणी मोडीतले कागद. परत येताना स्कूटरवर मागून श्रेयानं विचारलं, ‘पप्पा, आपल्याकडे काय आहे?’

मी हॉर्न वाजवला. समोर कुणीही नव्हतं.

आमच्याकडे काही नव्हतं. आजोबा गिरणीत कामाला, त्यांच्या वडलांपाशी तर घरही नव्हतं. जी भांडी होती ती अडचणीत विकली गेली. फोटो नाही, कागद नाही. देव्हाऱ्यातले देव होते ते छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आजोबांनी स्वतःच्या हातानं नदीत सोडले, आणि ती आमच्या घराण्यातली सगळ्यात मोठी घटना. पण नदीत सोडलेली वस्तू टेबलावर कशी मांडणार? हे मी त्या पोरीला सरळ सांगायला हवं होतं. आपल्याकडे वस्तू नाहीत, आणि त्या का नाहीत हाच आपला इतिहास आहे, एवढंच वाक्य. ते मला आज सुचतं. तेव्हा तलवार डोळ्यांपुढे होती आणि मला लाज वाटत होती. माझ्या पुढच्या सगळ्या लाजेचं मूळ त्या लाजेत आहे.

दसऱ्याच्या आधी केतकी मॅडमचा फोन आला. त्यांच्या मनात नवी कल्पना होती. व्हरांड्यात एक खाट टाकायची. खाटेवर वस्तीतली एखादी आजी बसेल, भोवती मुलं बसतील, आजी आठवण सांगेल. मुलांना पांढऱ्या लुगड्याचा एकेक चौकोनी तुकडा द्यायचा, ऐकलेलं त्यावर रंगीत दोऱ्यानं टाचायचं, आणि सगळे तुकडे जोडून एक गोधडी करायची. छप्पनच्या दीक्षेची गोधडी.

‘काका, तुमच्या आई होत्या का हो तिथं?’

‘आम्ही होतो ना. आमचं सगळं घर होतं.’

इथं मला थांबून एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या लोकांबाहेर कळत नाही. आमच्यात कुणीही म्हणतो, ‘आम्ही छप्पनला दीक्षा घेतली.’ मी म्हणतो, माझा जन्म त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाला तरी. माझी मुलगी म्हणते. त्यात खोटं कुणालाच वाटत नाही. ते ‘आम्ही’ फार मोठं आहे, त्यात मेलेले आणि न जन्मलेलेही मावतात. नाशिकहून आलेल्या मुलीनं त्या ‘आम्ही’चा साधा अर्थ घेतला, तर चूक तिची नव्हती. तिला आनंद झाला. ‘अय्या, म्हणजे प्रत्यक्ष साक्षीदार!’ असं ती म्हणाली तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, ‘हो, हो.’

साऱ्या वस्तीत एकच बाई अशी होती जी ते ‘आम्ही’ कधी वापरत नसे. ती माझी आई. ती म्हणायची, ‘आमच्या घरचे गेलते.’ कुणी खोदून विचारलं तर, ‘मी घरी होती. लहान्याले गोवर निघाला होता.’ लहान्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ, माझा मामा. ती तेव्हा दहाएक वर्षांची. आजारी लेकराला गर्दीत नेता येत नाही आणि एकट्याला ठेवता येत नाही, म्हणून थोरल्या पोरीला मागं ठेवून घरचे सगळे गेले. तिनं ते कधी लपवलं नाही, कुरवाळलंही नाही.

पावसाळ्यात आमच्या विहारात बायका जमायच्या, ग्रंथवाचन चालायचं. शेवटी शेवटी, आश्विन जवळ आला की, म्हाताऱ्या बायका त्या दिवसाच्या आठवणी सांगायच्या. शेजारची शेवंता मावशी त्यात अग्रभागी. ती आईपेक्षा तीन-चार वर्षांनी लहान, बापाच्या खांद्यावर बसून सगळं पाहिलेली. माझी आई तिथं ऐकायची. इतकी वर्षं ऐकून तिला साऱ्याजणींच्या आठवणी पाठ झाल्या होत्या. कुणी चुकलं की ती टोकायची.

‘नाही वं शेवंता, मागच्या खेपी तू म्हणाली का तुह्या बापानं धोतर नवं घेतलं होतं. आता म्हणतं का धुतलेलं होतं.’

‘तू होती का वं तिथं?’

‘मी नव्हती. म्हणून त ध्यानात ठेवते. तू पाह्यलं म्हणून विसरून राहिली.’

सगळ्या हसायच्या. पण अडलं की तिलाच विचारायच्या, ‘सुगंधा, कसं म्हणत होती वं मागं सीताबाई?’ सीताबाई मरून गेलेली असायची. तिची आठवण आईपाशी असायची. न गेलेल्या बाईचं विहारातलं हे स्थान होतं, आणि ते मी मोडलं.

खरं तर शेवंता मावशीला न्यायचं. आईच्या भिंतीला भिंत लागून घर, एका हाकेचं काम. ती आनंदानं आली असती, पांढरं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन. मला ते सुचलं नाही असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. सुचलं होतं. पण मग खाटेवर दुसऱ्याची आई बसली असती आणि श्रेयाच्या प्रश्नाला उत्तर तसंच राहिलं असतं. दुसऱ्यांनी तलवार आणली, लुगडं आणलं. मी वस्तू म्हणून आईला नेलं.

तिला सांगितलं ते गाडीत. घरी सांगितलं असतं तर ती आली नसती, हे मला ठाऊक होतं. उत्तर नागपुरातल्या वस्तीतून मी तिला घेतलं. संविधान चौकातला सिग्नल लागला होता.

‘आई, लेकराइले दोन गोष्टी सांगजो. त्या दिवसाच्या.’

‘कोणत्या दिवसाच्या?’

‘छप्पनच्या.’

‘मी काय सांगू? मी त घरी होती.’

‘शेवंता मावशी सांगते ना, तशा. तुले त सगळंच पाठ आहे.’

ती माझ्याकडे पाहत राहिली. ‘शेवंताच्या गोष्टी मी काहून सांगू? शेवंता काय मेली का?’

‘बोर्ड लागला आहे आई. तुझं नाव छापलं आहे. आता कसं...’

‘बोर्डावर काय छापलं?’

मी सांगितलं, ‘प्रत्यक्ष साक्षीदार’. सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवू लागले. ती खिडकीबाहेर, चाललेल्या पांढऱ्या माणसांकडे पाहत म्हणाली, ‘तूच सांगतलं असंन.’ संग्रहालयाच्या फाटकाशी उतरताना पदर सारखा करत म्हणाली, ‘पोरगी आहे का आत?’

‘आहे. वाट पाहून राहिली.’

‘चाल मंग.’

खाटेवर ती अवघडून बसली. पाय खाली सोडलेले, चपला काढून शेजारी नीट ठेवलेल्या. भोवती मुलं, मुलांमागे आईबाप, हातात सुया, दोरे, पांढरे चौकोन. कडेला मातीची नाणी उन्हात वाळत घातलेली. श्रेया अगदी पुढे, आजीच्या गुडघ्याला टेकून, सगळ्यांना दिसेल अशी. ‘ही माझी आजी आहे,’ असं तिनं विचारलेल्यालाही सांगितलं आणि न विचारलेल्यालाही.

केतकी मॅडम म्हणाल्या, ‘आजी, तुमच्या शब्दांत सांगा. खूप गर्दी होती ना?’

‘गर्दी लय होती म्हणतात,’ आई म्हणाली.

‘लोक कुठून कुठून आले होते?’

‘लांबून आलते म्हणतात. पायी, बैलगाडीनं. कोणी भाकरी बांधून आणल्या होत्या, कोणी उपाशीच.’ तिचा आवाज हळूहळू मोकळा होत गेला. ती सांगू लागली, आणि सुंदर सांगू लागली. आदल्या दिवशी वस्तीतल्या साऱ्या दोऱ्यांवर वाळणारी पांढरी लुगडी. ज्यांच्याकडे पांढरं नव्हतं त्यांनी रंगीत लुगडं धुऊन धुऊन विटवलेलं. इतके लोक, पण बोलले की एकाच माणसानं बोलल्यासारखं. समोर स्टेजवर कोण होतं त्यांचं नाव तिनं घेतलं नाही, ती ‘ते’ म्हणायची आणि पदर कपाळावर ओढायची. ‘त्यायचा आवाज थकला होता म्हणतात, पण शेवटल्या माणसापर्यंत गेला.’ प्रत्येक वाक्याच्या शेवटी तिनं ‘म्हणतात’ ठेवलं. एकही वाक्य तिनं त्याशिवाय सोडलं नाही. मुलं कानांनी ऐकत होती, हातांनी टाके घालत होती, आणि तो शब्द कुणाला खुपत नव्हता. आजी अशाच बोलतात असं वाटलं असेल. पोराची अब्रू आणि स्वतःचा खरेपणा, दोन्ही एका शब्दावर तोलून ती चालली होती.

मला तो खुपत होता. प्रत्येक ‘म्हणतात’ मला चिमटा काढल्यासारखा लागत होता. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला होता. तलवारवाल्या घरातले आजोबा मागे उभे होते आणि त्यांनी, अगदी सहज, शेजारच्या माणसाला विचारलं, ‘म्हणतात म्हणजे? या स्वतः नव्हत्या का?’

आणि मी हसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणालो, ‘आई, म्हणतात काय? तू पाह्यलं ना सोता!’

ती थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, श्रेयाकडे पाहिलं. श्रेया तोंड वर करून, डोळे मोठे करून, आजीच्या उत्तराची वाट पाहत होती. आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

‘हो,’ ती म्हणाली. ‘पाह्यलं.’

टाळ्या झाल्या. फोटो निघाला. त्यानंतर तिनं फार सांगितलं नाही, घसा कोरडा पडला म्हणाली. श्रेयानं आपल्या चौकोनावर पांढऱ्या माणसांच्या गर्दीत एक लहान मुलगी काढली, निळ्या दोऱ्याची, दोन वेण्या घातलेली, आणि खाली धावदोऱ्यानं लिहिलं, ‘माझी आजी’. तिला धावदोरा आईनंच त्या व्हरांड्यात शिकवला. ‘लहान लहान घाल. लांब टाका उसवते,’ ती सांगत होती. मी बाजूला उभा राहून त्या दोघींचे फोटो काढत होतो.

फोटो छापून आला. वस्तीत एकाच्या घरी पेपर आला तरी सगळ्यांच्या घरी येतो. त्या पौर्णिमेला विहारात काय झालं ते मला नंतर बायकोकडून कळलं, ती तिथं होती. आई आत शिरली आणि शेवंता मावशी म्हणाली, ‘ये वं साक्षीदार! कोणत्या रांगेत बसली होती तू? मी त खांद्यावर होती, मले नाही दिसली.’ बायका खदखदून हसल्या. आईही हसली म्हणे. चहा झाला, ती कपबशा विसळायला उठली. नंतर कुणीतरी आठवण सांगू लागलं, कुठंतरी अडलं, सवयीनं आईकडे वळलं, आणि आई म्हणाली, ‘मले नाही आठवत.’

त्यानंतर ती विहारात गेली नाही. विचारलं की म्हणायची, गुडघे दुखतात. पायऱ्या चढवत नाही. विहाराला मोजून पाहाव्यात इतक्याही पायऱ्या नाहीत. आणि मी काय केलं? मी तिला धंतोलीत हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. फोटो काढले. डॉक्टर उजेडासमोर ते धरून म्हणाले, ‘अहो, या वयाच्या मानानं फार छान गुडघे आहेत.’ आई माझ्याकडे पाहून अगदी किंचित हसली. मी डॉक्टरांना म्हणालो, ‘तरी काही गोळ्या लिहून द्या.’ त्या गोळ्या तिनं घेतल्या. मला बरं वाटावं म्हणून तिनं न दुखणाऱ्या गुडघ्यांच्या गोळ्या घेतल्या.

तेव्हा बोलता आलं असतं. विहारात जाऊन चार बायकांसमोर एवढंच म्हणायचं होतं की माझ्या आईनं खोटं सांगितलं नाही, ते मी सांगायला लावलं. रविवार येत होते, पौर्णिमा येत होत्या. आई दारात खुर्ची टाकून बसायची आणि विहाराकडे जाणाऱ्या बायकांना म्हणायची, ‘या जाऊन.’ त्या म्हणायच्या, ‘येतं का वं?’ ती म्हणायची, ‘जा, जा.’

ती गेली तेव्हा हिवाळा होता. विहारातच शोकसभा झाली. एका कार्यकर्त्यानं बोलताना ‘छप्पनच्या सोहळ्याच्या प्रत्यक्ष साक्षीदार’ असा उल्लेख केला आणि दोन मिनिटं मौन ठेवलं. मीही ठेवलं. माझं मौन तर त्याआधीपासूनच चालू होतं. बाहेर चपला घालताना शेवंता मावशीनं माझा दंड धरला.

‘मी गंमत केलती गा,’ ती म्हणाली. ‘तवा. आली होती तुही माय माह्याकडे दुसऱ्या दिशी. मी म्हटलं, सांगून टाक ना वं सगळ्याइले, का पोरानं बोलाले लावलं म्हणून. त म्हणे, राहू दे. त्याची पोरगी हुशार आहे, तिच्या कानावर जाईन. मी म्हटलं, अन् तू? म्हणे, मी घरी राहीन. मले सवय आहे घरी राहाची.’

माझा दंड तिनं सोडला नाही. ती रडत होती. मी तिला तिच्या दारापर्यंत सोडलं आणि घरी येऊन पाहुण्यांच्या जेवणाचं पाहू लागलो.

श्रेया आता पुण्यात शिकते. कॉलेजात कुठल्याशा कार्यक्रमात ती आजीबद्दल बोलली, व्हिडिओ पाठवला. चांगलं बोलते. आजीचं ‘हो, पाह्यलं’ तिनं आजीच्याच आवाजात म्हणून दाखवलं. मी ‘छान’ असं लिहून अंगठा पाठवला. हे ती वाचेल. तिला तोंडानं सांगायचं धैर्य मला झालं नाही, म्हणून हे असं लिहिणं. श्रेया, तुझ्या टाक्यात चूक नाही.

काल मी गेलो. केतकी मॅडमना आधी काही कळवलं नाही. कळवलं असतं तर त्यांनी समजुतीनं घेतलं असतं, ‘असू दे काका’ म्हटलं असतं, आणि मी असू दिलं असतं, एवढं मी मला ओळखतो. व्हरांडा तसाच. मातीचा वास, जात्याची घरघर, वाळूत बसलेली लेकरं. कुणा आईनं पोराला दटावलं, ‘नाणं हाय ते, खाऊन काहून राहिला?’ खाटेला नवी पट्टी लावली आहे. मागच्या भिंतीवर गोधडी टांगलेली आहे, तिच्याकडे पाठ करून बसायची सोय आहे, मी तसाच बसलो.

केतकी मॅडमनी ओळख करून दिली. मी म्हणालो, ‘माझी आई त्या दिवशी तिथं नव्हती.’

मोठी माणसं एकमेकांकडे पाहू लागली. केतकी मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातलं काहीतरी निघून गेलं. मी थांबलो नाही. बोर्डाचं सांगितलं, गाडीतलं सांगितलं, तिनं ‘म्हणतात’ म्हटलेलं आणि मी ते काढून घेतलेलं सांगितलं. विहाराचं सांगितलं. घाम येत होता, आवाज बँकेत नोटीस वाचून दाखवल्यासारखा येत होता. शेवटी म्हणालो, ‘सगळी वस्ती गेली होती. ती घरी होती. लहान भावाला गोवर होता.’ आणि संपलं. मला वाटलं, सांगून झालं.

मुलांना माझ्या लाजेशी काही देणंघेणं नव्हतं. पुढे बसलेल्या एका मुलीच्या सुईत दोरा ओवलेला होता, मांडीवर कोरा चौकोन.

‘मग ती घरी काय करत होती?’ तिनं विचारलं.

‘भावाजवळ होती.’

‘दिवसभर?’

‘हो. असेल.’

‘सगळे गेले तर तिला भीती नाही वाटली?’

मी रुमालानं मान पुसली.

‘भावाला जेवायला कोणी दिलं? तिला स्वयंपाक येत होता? मग सगळे परत आले तेव्हा तिला काय सांगितलं? ती रडली का?’

अख्ख्या रिकाम्या वस्तीत त्या दिवशी जागी असलेली एक दहा वर्षांची पोरगी. मैदानात काय झालं ते सांगणारी किती माणसं मी आयुष्यभर ऐकली. मागं वस्तीत काय झालं ते पाहिलेली एकच होती, ती माझ्या घरात होती, आणि मी तिला दुसऱ्यांनी पाहिलेलं सांगायला लावलं. तिचं तिला एकदाही विचारलं नाही. मला ते माहीत नाही असं मी त्या मुलीला सांगितलं.

‘माहीत नाही?’ तिला ते खरं वाटेना. ‘पण तुमचीच आई आहे ना?’

‘हो.’

‘मग विचारून या ना काका,’ ती म्हणाली, आणि सुई हातात तशीच धरून मांडी बदलून बसली. ‘मी थांबते.’